पापाचा तिरस्कार, पाप्याचा कळवळा : संत ऑगस्टीन यांची काही पत्रे

‘पापाचा द्वेष करा, पाप्याचा करू नका’ हे वचन आपल्या प्रवचनांतून इतक्या वेळा कानी पडते, की ते शुभवर्तमानातीलच असावे असा अनेकांचा समज असतो. सुशिक्षित मराठी वाचक ते महात्मा गांधींच्या नावे सांगतो. गांधीजींनी आत्मकथेत त्याचा विचार केला आहे आणि समजायला सोपे असलेले हे तत्त्व आचरणात क्वचितच उतरते, अशी खंतही व्यक्त केली आहे. ज्ञानदेवांनी पसायदानात दुर्जनांचा नाश मागितला नाही; त्यांच्यातील वाकडेपणा गळून पडावा, एवढेच मागितले. त्यामुळे मराठी मनाला हा विचार परका नाही. ख्रिस्ती परंपरेत मात्र त्याच्या शब्दरचनेचा माग काढीत गेल्यास आपण उत्तर आफ्रिकेतील हिप्पो या बंदरात, तेथील बिशप संत ऑगस्टीन (इ.स. ३५४–४३०) यांच्या पत्रव्यवहारापाशी येऊन पोहोचतो.

सुमारे इ.स. ४२३ मध्ये त्यांनी एका मठातील धर्मभगिनींना पत्र लिहिले. मठात प्रमुख भगिनीविरुद्ध कलह माजला होता. व्रतजीवनाचे नियम समजावताना, चुकणाऱ्या भगिनीला कसे सुधारावे, हे ऑगस्टीन सांगतात. आधी एकांतात समज द्यावी, मग साक्षीदारांसमक्ष, आणि तरीही सुधारणा न झाल्यास शिक्षा करावी. हे सर्व करताना माणसांविषयी प्रेम आणि दोषांविषयी द्वेष असावा, अशी त्यांची सूचना आहे. तेथेच त्यांनी जखमेचा दृष्टान्त दिला आहे. शस्त्रक्रियेच्या भीतीने कोणी आपली जखम लपवू लागला, तर त्याला साथ देणे ही दया नव्हे, क्रौर्य होय. म्हणजे हे वचन जन्माला आले ते दोषावर पांघरूण घालण्यासाठी नव्हे, तर दोष उघड करताना माणूस हरवू नये यासाठी.

या तत्त्वाची खरी कसोटी त्याआधीच, इ.स. ४११च्या सुमारास लागली होती. आफ्रिकेची ख्रिस्तसभा तेव्हा शंभर वर्षांपासून दुभंगलेली होती. सम्राट डायोक्लेशनच्या छळात (इ.स. ३०३–३०५) ज्यांनी पवित्र ग्रंथ शत्रूच्या हवाली केले, त्यांच्या हातचे संस्कार अशुद्ध, असे मानणारा डोनाटस-पंथ वेगळा झाला होता. त्याच्या आश्रयाने वावरणाऱ्या दांडगट टोळ्यांनी आणि काही धर्मगुरूंनी हिप्पो परिसरातील रेस्टिट्यूटस या कॅथलिक धर्मगुरूचा खून केला. इनोसेंशियस या दुसऱ्या धर्मगुरूला मारहाण करून त्याचा डोळा फोडला, बोट तोडले. आरोपींनी गुन्हा कबूल केला. न्यायदानाचे काम मार्सेलिनस या शाही अधिकाऱ्याकडे होते. तो स्वतः श्रद्धाळू कॅथलिक आणि ऑगस्टीन यांचा स्नेही होता.

ज्यांचे सहकारी मारले गेले त्या बिशपांनी या वेळी काय मागावे? त्यांनी मार्सेलिनसला लिहिले, की गुन्हेगारांना देहदंड देऊ नये आणि डोळ्याच्या बदल्यात डोळाही काढू नये. त्यांना मोकळे सोडावे असे ते म्हणत नाहीत. त्यांचा दुष्टपणा आवरला जावा आणि त्यांचे हात एखाद्या उपयुक्त कामाला जुंपले जावेत, हे त्यांचे मागणे. आफ्रिकेचा प्रॉकॉन्सल असलेला मार्सेलिनसचा भाऊ एप्रिंजियस यालाही त्यांनी असेच विनवले.

काही काळाने मॅसिडोनियस या वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांना एक रोकडा प्रश्न विचारला : बिशपांनी अपराध्यांसाठी रदबदली करणे हा धर्माचा भाग कसा? गुन्हेगाराचा कैवार घेणारा त्याच्या गुन्ह्यात भागीदार ठरत नाही का? ऑगस्टीन यांचे उत्तर दीर्घ आहे. वाईट माणसाचा तो वाईट आहे म्हणून द्वेष करणे सोपे. पण तो माणूस आहे म्हणून त्याच्यावर प्रेम करणे दुर्मीळ, असा त्यांचा आशय. सुधारण्याची संधी या जन्मातच असते, म्हणून ती मृत्युदंडाने हिरावू नये. मात्र याच पत्रात ते बजावतात, की चोरलेली वस्तू परत करण्याची ऐपत असून जो ती परत करीत नाही, त्याचा पश्चात्ताप हे ढोंग होय. न्यायाधीशाचा धाक ते अनावश्यक मानत नाहीत. धाक आणि मध्यस्थी दोन्ही समाजाला हव्यात, असे ते मानतात.

इतके उदात्त तत्त्वही निसरडे ठरू शकते, याची साक्ष ऑगस्टीन यांच्याच आयुष्यात मिळते. आरंभी पंथभेद केवळ युक्तिवादाने मिटवावा, असे त्यांचे मत होते. पुढे शाही कायद्यांच्या दडपणाने अनेक जण परतल्याचे पाहून त्यांनी ते मत बदलले, आणि मेजवानीच्या दाखल्यातील ‘आत येण्यास भाग पाड’ या आज्ञेचा आधार घेऊन सक्तीचे समर्थन केले. देहदंडाला त्यांचा विरोध कायम राहिला. परंतु ‘त्यांच्या भल्यासाठीच’ या शब्दांनी जुलमाचे दार किलकिले झाले.

पुढील शतकांनी ते सताड उघडले. गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत, १७७४ ते १७७८ हा खंड वगळता, चाललेले इन्क्विझिशन आपल्या परिसरातील त्याचे कटू उदाहरण. पोर्तुगीज धर्मन्यायपीठ ज्याला जाळण्यासाठी राजसत्तेच्या हवाली करी, त्याच्याशी दयेने वागावे आणि रक्त सांडू नये, अशी विनंतीही निकालपत्रात लिही. ती मान्य होणार नाही, हे लिहिणाऱ्यास पक्के ठाऊक असे. हिप्पोच्या बिशपांनी कळवळून केलेली याचना येथे लेखनिकाच्या ठराविक मजकुरात विरून गेली होती.

१२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सत्याच्या सेवेत अवलंबिलेल्या असहिष्णु मार्गांबद्दल संत पीटरच्या महामंदिरात देवाकडे जाहीर क्षमा मागितली. ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षण ग्रंथात बदल करून देहदंड अस्वीकारार्ह ठरवला. घोर अपराधानंतरही माणसाची प्रतिष्ठा नष्ट होत नाही, हे त्यामागील कारण. मार्सेलिनसला लिहिलेल्या पत्रानंतर सोळाशे वर्षांनी ख्रिस्तसभेने त्या पत्रातील मागणे आपल्या शिकवणुकीत लिहून घेतले.

स्वतः मार्सेलिनसच्या वाट्याला मात्र अशी दया आली नाही. इ.स. ४१३ मध्ये एका बंडात सामील असल्याच्या आरोपावरून त्याला आणि त्याच्या भावाला अटक झाली. ऑगस्टीन यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवापाड धडपड केली. तरी सप्टेंबर महिन्यात दोघांचाही शिरच्छेद झाला. ‘देवाचे नगर’ हा आपला महाग्रंथ ऑगस्टीन यांनी ज्याच्यासाठी लिहावयास घेतला होता, तो हाच मार्सेलिनस. खुनी टोळीसाठी आणि जिवलग मित्रासाठी त्यांनी सत्तेपुढे एकच पदर पसरला होता. वचनाचा अर्थ शोधायचा तर तो तेथे सापडतो.