टाचेतले चार थेंब

आमच्या धाकटीचा जन्म इंगोलश्टाटचा. तिसऱ्या दिवशी नर्सबाईने तिच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब टिपकागदावर घेतले, तेव्हा पुण्याहून आलेल्या सासूबाई कळवळल्या. "धडधाकट पोरीला सुई कशाला?" मला उत्तर देता आले नाही. पुढे वाचन केल्यावर कळले, की त्या थेंबांमागे आईबापांच्या हट्टाचा इतिहास आहे.

नॉर्वेच्या बोर्ग्नी एगेलँड यांच्या दोन्ही मुलांची बौद्धिक वाढ खुंटली होती आणि त्यांच्या अंगाला, लघवीला कुबट वास येई. कोणी दखल घेईना, तरी बाई विचारत राहिल्या. अखेर १९३४ साली ऑस्लोच्या डॉ. आस्ब्यर्न फ्योलिंग यांनी लघवीत फेरिक क्लोराइड घातले आणि ती हिरवी झाली. त्यातूनच फिनाइलकिटोन्युरियाचा शोध लागला. या आजारात प्रथिनांतल्या फिनाइलॲलनिन या अमिनो आम्लाचे रूपांतर करणारे एन्झाइम काम करत नाही. ते आम्ल साठून मेंदूला इजा करते. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला चारांत एक धोका. नात्यातल्या लग्नात असे दोन वाहक एकत्र येण्याचा संभव अधिक. आपल्याकडच्या मामे-आते भावंडांच्या लग्नांची आठवण इथे होतेच.

१९५१ साली बर्मिंगहॅममध्ये शीला जोन्स या चिमुरडीची आई डॉ. होर्स्ट बिकेल या जर्मन डॉक्टरांना रोज सकाळी गाठून उपाय विचारी. बिकेल यांनी सहकाऱ्यांसह दुधातले केसीन विघटित करून, कोळशातून गाळून, त्यातले फिनाइलॲलनिन काढले. त्या आहारावर शीला रांगू लागली. मात्र मेंदूची आधीच झालेली हानी भरून निघाली नाही. म्हणजे निदान लक्षणे दिसण्यापूर्वीच व्हायला हवे.

ते शक्य केले अमेरिकेच्या डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी. त्यांची भाची याच आजाराची रुग्ण होती. कागदावर वाळवलेल्या थेंबांची त्यांची स्वस्त चाचणी १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. बव्हेरियात १९९९ पासून टँडम मास स्पेक्ट्रोमेट्रीने त्याच थेंबांतून अनेक आजार एकदम तपासण्याचा प्रकल्प सुरू झाला. २००५ मध्ये ही विस्तारित तपासणी सर्व जर्मनीत लागू झाली.

भारतात गोव्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर असा उपक्रम हाती घेतला होता. पण देशभर सर्व नवजात बालकांसाठी ही तपासणी सक्तीची नाही. आणि आपल्यातल्या कितीतरी मुली बाळंतपणाला माहेरी जातात! तिकडे डिंकाच्या लाडवांची, बाळंतविड्याची तयारी आपोआप होते. टाचेच्या थेंबांची आठवण मात्र आपणच करून द्यायला हवी. तारीख ठरली, की प्रसूतिगृहात आधीच विचारून ठेवा. दोनदा विचारावे लागले तरी संकोच करू नका. हा सारा इतिहास विचारत राहिलेल्या आयांनीच घडवला आहे.