शुक्रवारची दुपार



परवा सकाळी फिरून येताना आम्ही तिघे-चौघे म्हातारे एका बसथांब्याच्या शेडखाली टेकलो. डोक्यावर भली मोठी पाटी : अमुक अमुक यांच्या प्रयत्नांतून, खासदार निधीतून. आमच्यातले एकजण म्हणाले, "सर, खासदाराचं काम असं डोळ्यांना दिसलं पाहिजे. नुसती भाषणं काय चाटायची?"

मी तेव्हा काही बोललो नाही. वाद घालायची जागा नव्हती आणि चहाही व्हायचा होता. पण घरी आल्यावर ते वाक्य मनातून जाईना. खासदार निधी सुरू झाला १९९३ च्या डिसेंबरात. त्याआधी चाळीसेक वर्षे आपण खासदार निवडून देतच होतो. मंत्रिपद नाही, निधी नाही, पाटी नाही, अशा माणसांनी दिल्लीत बसून केले तरी काय?

यावरून एक जुनी लाज आठवली. मी नागरिकशास्त्र शिकवायचो. 'खासगी विधेयक' म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक, एवढे फळ्यावर लिहून मी पुढे जात असे. एकदा मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, "सर, अशी किती विधेयकं पास झाली?" मला उत्तर येत नव्हते. मी म्हणालो, "फारशी नाहीत. परीक्षेला येत नाही ते." मुलगा गप्प बसला. आज तो पन्नाशीचा असेल. त्याचे उत्तर आज देतो : स्वातंत्र्यानंतर आजपर्यंत फक्त १४. शेवटचे १९७० साली. त्यानंतर एकही नाही.

पण खरे उत्तर एवढ्यात संपत नाही. मला सांगायचे आहे ते पास न झालेल्या एका विधेयकाविषयी.

लोकसभेत खासगी सदस्यांच्या कामाला शुक्रवारची दुपार दिलेली असते, शेवटचे अडीच तास. ७ एप्रिल १९६७, अशाच एका शुक्रवारी राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी घटनादुरुस्तीचे एक विधेयक मांडले. नाथ पै मूळचे वेंगुर्ल्याचे. बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगात गेलेले, पुढे विलायतेत बॅरिस्टर झालेले. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तिन्ही वेळा कोकणाने त्यांना निवडून दिले. पक्ष प्रजासमाजवादी, म्हणजे कायम विरोधी बाकांवर. कोकण रेल्वे, बेळगावचा सीमाप्रश्न, केंद्रीय कर्मचाऱ्यांचा १९६० चा संप, गोव्याची मुक्ती, सगळ्या विषयांवर ते बोलले. त्यांच्या वक्तृत्वाविषयी खूप लिहिले गेले आहे, म्हणून ते सोडतो. विधेयकाकडे वळू.

त्याआधी सव्वा महिना, २७ फेब्रुवारीला, सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला होता. पंजाबात जालंधरकडचे हे कुटुंब, पाचशे एकरांवर जमीन. तिथल्या कमाल जमीन कायद्याने प्रत्येकाला तीसच एकर ठेवता येत होती. ते न्यायालयात गेले. न्यायालयाने ६ विरुद्ध ५ अशा मतांनी सांगितले की झाले ते झाले, जुन्या दुरुस्त्या कायम राहतील. पण यापुढे संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही. त्या काळी मालमत्तेचा हक्कही मूलभूत हक्कच होता, हे लक्षात ठेवा.

नाथ पैंचे विधेयक छोटे होते. घटनेतला कोणताही भाग, मूलभूत हक्कांसह, दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे हे स्पष्ट लिहावे, इतकेच. त्यांची भूमिका समजायला सोपी आहे. लोक सार्वभौम आहेत. त्यांनी निवडलेल्या सभागृहाचे हात एका मताच्या फरकाने कायमचे बांधले जाऊ नयेत. नाहीतर उद्या गरिबासाठी जमिनीचा कायदा करायचा झाला की जमीनदार मूलभूत हक्कांचे पुस्तक पुढे करणार.

आता गंमत पाहा. या विधेयकाला कडाडून विरोध करणाऱ्यांत समाजवादीच होते! डॉ. लोहिया आणि मधू लिमये यांचा संयुक्त समाजवादी पक्ष विरोधात उभा राहिला. लिमये पुण्याचे, निवडून आलेले बिहारमधल्या मुंगेरहून. नाथ पै आणि लिमये दोघांचा जन्म १९२२ चा. दोघे मराठी, दोघे समाजवादी, दोघांनी इंग्रजांचा तुरुंग पाहिलेला, दोघेही विरोधी बाकांवर. जमिनी वाटल्या पाहिजेत याबद्दलही दुमत नाही. तरी या प्रश्नावर दोन टोकांना. विरोधकांचे म्हणणे थोडक्यात असे : आज जमीनदाराचा हक्क काढण्यासाठी दार उघडाल, उद्या त्याच दारातून कोणी भाषणस्वातंत्र्य काढायला आत येईल. बहुमत नेहमी शहाणेच असते असे नाही.

हे वाद दिल्लीतले वाटतील, पण आपल्या जिल्ह्याला परके नाहीत. महाराष्ट्राचा कमाल जमीन धारणेचा कायदा १९६१ चा. त्याला न्यायालयात आव्हान मिळू नये म्हणून १९६४ मध्ये घटनेच्या नवव्या परिशिष्टात घातले गेले. श्रीरामपूर, राहाता भागातल्या खासगी साखर कारखान्यांच्या हजारो एकर जमिनी याच कायद्याने सरकारकडे गेल्या आणि शेती महामंडळ उभे राहिले. पण त्यात कारखान्यांना खंडाने दिलेल्या साध्या शेतकऱ्यांच्या जमिनीही होत्या. त्या खंडकऱ्यांना आपली जमीन परत मिळवण्यासाठी दोन पिढ्या भांडावे लागले. म्हणजे मोठ्याची जमीन काढणारा कायदा लहानाच्याही दारात येतो. नाथ पैंचे म्हणणे आणि लिमयांची भीती, दोन्ही आपल्या नगर जिल्ह्यात एकाच कायद्यात पाहायला मिळतात.

विधेयक संयुक्त समितीकडे गेले. १९६८ मध्ये समितीने अहवाल दिला, आणि त्यात एक फार महत्त्वाची भर घातली : मूलभूत हक्कांना हात लावायचा असेल तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती घ्यावी. वाद घातल्याने काय होते ते इथे दिसते. विरोधकांच्या भीतीतून विधेयकाला ब्रेक बसला. त्यानंतर चर्चा होत राहिली, लांबत राहिली. सरकारला विधेयक मनातून हवे होते, पण १९६७ च्या निवडणुकीनंतर काँग्रेसजवळ दोन तृतीयांश बहुमत नव्हते. २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक मेले. तीन आठवड्यांनी, १८ जानेवारी १९७१ ला, बेळगावात नाथ पैही गेले. वय अवघे ४८.

पाटी लावण्याच्या हिशेबाने पाहिले तर हाती शून्य.

पण मार्च १९७१ मध्ये इंदिरा गांधी प्रचंड बहुमताने आल्या आणि सरकारने २४ वी घटनादुरुस्ती आणली. मुद्दा नाथ पैंचाच. लोकसभेत ती मांडली २८ जुलैला आणि मंजूर झाली ४ ऑगस्टला, आठवड्याभरात! चार वर्षे घासून घेतलेला विषय सात दिवसांत. आणि समितीने सुचवलेला राज्यांच्या संमतीचा ब्रेक? तो राहून गेला. की सोडून दिला, ते तुम्ही ठरवा.

पुढचे माझ्या डोळ्यांदेखत घडले. १९७६ साली मी नोकरीत नवा होतो. ४२ वी दुरुस्ती झाली आणि मूलभूत कर्तव्ये शिकवायला आली. ती मी सुंदर अक्षरात फळ्यावर लिहिली. त्याच दुरुस्तीने घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही असेही ठरवले होते. ते मी वर्गात उच्चारले नाही. भीती वाटत होती, खोटे कशाला बोलू? लिमये तेव्हा तुरुंगात होते. लोकसभेची मुदत वाढवल्याच्या निषेधार्थ त्यांनी तुरुंगातूनच खासदारकीचा राजीनामा दिला होता. त्या दिवसांत मला नाथ पैंचा रागच आला होता. वाटायचे, हे दार उघडायची पहिली कल्पना या भल्या माणसाची!

आज तसे वाटत नाही. न्यायालयाने १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात ७ विरुद्ध ६ मतांनी जे सांगितले, त्यात दोघांचे निम्मे निम्मे आहे. संसद मूलभूत हक्कांसह कोणताही भाग दुरुस्त करू शकते, हे नाथ पैंचे. पण घटनेची मूळ चौकट मोडू शकत नाही, ही लिमयांची काळजी. न्यायालयाला बाहेर ठेवणारी ४२ व्या दुरुस्तीतली कलमे १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात रद्द झाली ती याच आधारावर. आणि १९७८ मध्ये, लिमये ज्या जनता पक्षाचे सरचिटणीस होते त्याच पक्षाच्या सरकारने ४४ वी दुरुस्ती करून मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला. आणि आणीबाणीतही जगण्याचा हक्क स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली. नाथ पै मागत होते तोच अधिकार इथे नागरिकाच्या बाजूने वापरला गेला. दार आत येण्यासाठी असते, तसे बाहेर पडण्यासाठीही असते.

मग चूक कोणाची? मला वाटते, नाथ पैंची एक गोष्ट चुकली असेल तर ती ही, की पुढचे सभागृहही आपल्यासारख्याच माणसांचे असेल असे त्यांनी धरले. जिथे मित्र मित्राला भर सभेत अडवतो आणि त्या अडवण्यातून विधेयकाला ब्रेक मिळतो, असे सभागृह. धोका अधिकारात नव्हता एवढा घाईत होता.

आणि हो, कोकण रेल्वे. तिच्यासाठी नाथ पै बोलत राहिले, गाडी पाहायला राहिले नाहीत. त्यांच्यानंतर राजापूरहून मधू दंडवते गेले, ते रेल्वेमंत्री झाले, आणि २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. कोणा एकाच्या प्रयत्नांतून म्हणावे अशी पाटी तिथे कशी लावणार?

शेडखालच्या माझ्या मित्राला मी उद्या एवढेच सांगणार आहे : शेड बांधा, जरूर बांधा, आपल्याला टेकायला जागा हवीच. पण पुढच्या वेळी मत मागायला येईल त्याला एक प्रश्न विचारा, "शुक्रवारी दुपारी तुम्ही सभागृहात होता का, आणि कोणाशी वाद घातलात?"

आणि मागच्या बाकावरच्या त्या मुला, तू हे वाचत असशील तर एक सांगतो. तुझा प्रश्न परीक्षेला आला नाही, पण यायला हवा होता.