बहात्तर तासांचे जागरण

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो. ती शरीरविज्ञानाचीही आहे. 1938 साली ते वैद्यकीय पथकातून चीनला गेले. 1940 च्या एका लढाईत जखमींवर शस्त्रक्रिया करताना ते 72 तास झोपले नाहीत. (वर्गात इथेच टाळ्या पडतात!) त्यांना अपस्माराचे झटके येत, आणि झोपमोडीने असे झटके बळावतात. 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या 32 व्या वर्षी ते गेले.

सेवा करणाऱ्यांच्या या झिजण्याला नाव मिळायला 1974 साल उजाडले. न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातले कार्यकर्ते पाहून मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडेनबर्गर यांनी त्याला ‘बर्नआउट’ म्हटले. आपल्याकडे 1992 मध्ये केंद्र सरकारने निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. आजही अनेक सरकारी रुग्णालयांत ती कागदावरच आहे.