भाताच्या गावातले सात वेळचे विजेते

इटालियन फुटबॉल म्हटलं की युव्हेंटस, मिलान, इंटर ही नावं आठवतात. माझं मन मात्र अडकलंय वेर्चेल्लीत. मिलान आणि तुरीनच्या मधलं हे छोटं शहर, भोवती नुसती भाताची खाचरं. इथल्या 'प्रो वेर्चेल्ली'ने सात वेळा इटलीचं अजिंक्यपद जिंकलंय, हे सांगितलं तर कोणाला पटत नाही!

१८९२ ची ही व्यायामाची संस्था. फुटबॉल आला १९०३ मधे. १९०८ आणि १९०९ मधे अजिंक्यपद, तेही आसपासच्याच पोरांच्या जोरावर. १९१० मधे इंटरशी बरोबरी झाली, म्हणून निर्णायक सामना ठरला. वेर्चेल्लीचे काही खेळाडू त्या दिवशी लष्करी स्पर्धेत अडकलेले. तारीख बदला म्हटलं, तर इंटरने नकार दिला. मग यांनी काय करावं? चक्क शाळकरी पोरं मैदानात उतरवली! १०-३ ने हरले, वर बंदीही आली (ती पुढे उठली). आणि पुढची तिन्ही अजिंक्यपदं, १९११ ते १९१३, यांचीच! १ मे १९१३ ला बेल्जियमला हरवणाऱ्या इटलीच्या संघात अकरातले नऊ जण प्रो वेर्चेल्लीचे होते.

१९२१ आणि १९२२ मधे आणखी दोन. मग मात्र पैसा आला. १९२३ मधे रोझेत्ता युव्हेंटसकडे गेला. फेडरेशनने तो बदल अमान्य केला, त्याला खेळवलेले सामने युव्हेंटसच्या हातून काढून घेतले, पण वारं फिरलं ते फिरलंच. १९३४ मधे सिल्व्हिओ पिओला लाझिओकडे गेला आणि वर्षभरात क्लब 'सेरी आ'मधून खाली घसरला. पिओलाने मात्र १९३८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दोन गोल केले. 'सेरी आ'मधले त्याचे २७४ गोल हा विक्रम आहे.

हट्टाने इंटरशी भांडता आलं, पैशाशी नाही. यात दोष तरी कोणाला द्यायचा? चांगल्या पोराने मोठ्या शहरात जायचं नाही का?

२०१२ मधे, तब्बल ६४ वर्षांनी, क्लब 'सेरी बी'त परतला. २०१८ मधे पुन्हा खाली गेला. पण मला भावतं ते वेगळंच. वेर्चेल्लीच्या स्टेडियमला नाव आहे पिओलाचं. गेलेल्या पोराला गावाने परकं केलं नाही, एवढं मला पुरे आहे.