ऑनलाइन डॉक्टरांना दिलेली माहिती कुठे जाते? ती सुरक्षित कशी राहते?

ई-संजीवनीसारख्या सेवेमुळे गावातल्या आरोग्य केंद्रात किंवा घरी बसूनही डॉक्टरांचा सल्ला मिळतो. त्यासाठी नाव, आजार, रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी असे बरेच काही नोंदवले जाते. अशा सेवांची माहिती अनेकदा क्लाऊडवर, म्हणजे दूरच्या डेटा सेंटरमधील सर्व्हरवर साठवली जाते.

ही माहिती इतकी नाजूक का?

एटीएम कार्ड चोरीला गेले तर ते बंद करून नवे घेता येते. मानसिक आजाराची किंवा एचआयव्हीची नोंद एकदा बाहेर फुटली की परत घेता येत नाही. फिनलंडमधील वास्तामो या मानसोपचार कंपनीचा डेटाबेस नीट सुरक्षित केलेला नव्हता. तो चोरीला गेला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये हजारो रुग्णांना थेट धमकीचे ईमेल आले. पैसे द्या, नाहीतर थेरपिस्टशी झालेले बोलणे उघड करू, असा त्यांचा आशय होता. २०२१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि अनेक दिवस रुग्णांची नोंदणी हाताने करावी लागली. म्हणजे माहिती गुप्त राहणे जितके गरजेचे, तितकेच ती वेळेवर मिळणेही.

संरक्षण कसे केले जाते?

• एन्क्रिप्शन : माहिती पाठवताना आणि साठवताना सांकेतिक रूपात ठेवतात. किल्ली नसेल तर ती वाचता येत नाही.
• मर्यादित प्रवेश : केस पेपर काढणाऱ्याला नाव-पत्ता दिसतो, पण तपासणीचा तपशील फक्त डॉक्टरांना.
• नोंदवही : कोणी, कधी, कोणती फाइल उघडली याची आपोआप नोंद होते.
• बॅकअप : वेगळ्या ठिकाणी ठेवलेली प्रत. हल्ला झाला तरी काम पुन्हा सुरू करता येते.

क्लाऊड कंपनी इमारत आणि यंत्रे सांभाळते. पासवर्ड कोणाला द्यायचा, कोणती फाइल कोणाला दिसेल, हे रुग्णालय ठरवते. सगळ्या स्टाफचा एकच पासवर्ड असेल तर महागडी यंत्रणाही निरुपयोगी ठरते.

कायदा काय सांगतो?

मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार रुग्णाची गोपनीयता जपणे डॉक्टरांना बंधनकारक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाशी जोडलेल्या नोंदी एकाच सरकारी कोठारात जात नाहीत. त्या मूळ रुग्णालयाकडेच राहतात आणि तुमच्या संमतीनेच दुसऱ्याला दिसतात. ही संमती मागेही घेता येते.

तुम्ही काय करू शकता?

• ओटीपी कोणालाही सांगू नका.
• संमती देताना कोणाला, किती काळासाठी देत आहात ते वाचा.
• रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकण्याआधी विचार करा. तो एकदा फॉरवर्ड झाला की कोणतेही एन्क्रिप्शन तो परत आणू शकत नाही.