वाटी, तार आणि लिस्टर

कॅमडेन म्हटले की आपल्या मंडळींना कालव्याकाठचा बाजार आठवतो. पण या बरोचा दक्षिण भाग, गॉवर स्ट्रीटपासून लिंकन्स इन फील्ड्सपर्यंतचा, मोडलेल्या हाडांच्या इतिहासात महत्त्वाचा आहे.

गॉवर स्ट्रीटवरचे युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटल १८३४ साली सुरू झाले. तिथला रॉबर्ट लिस्टन हाताच्या वेगासाठी प्रसिद्ध. मांडीचे हाड मोडले की तो काखेपासून पावलाच्या खालपर्यंत लांब फळी बांधी. आपल्याकडचे हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधत, तत्त्व तेच. हाड कातडी फाडून बाहेर आले असेल तर मात्र फळीचा उपयोग नसे. जखम सडे, म्हणून पाय कापणे हाच बहुधा उपाय. २१ डिसेंबर १८४६ रोजी लिस्टनने ईथरची गुंगी देऊन फ्रेडरिक चर्चिल या रोग्याचा पाय मांडीतून कापला. (कारण गुडघ्याचा जुना रोग, मोडलेले हाड नव्हे.) वेदना गेली, सडणे राहिले.

त्याच कॉलेजात शिकलेल्या जोसेफ लिस्टरने ते पुढे सोडवले. ऑगस्ट १८६५ मध्ये ग्लासगोत ११ वर्षांच्या जेम्स ग्रीनलीजच्या पायावरून गाडीचे चाक गेले. लिस्टरने जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी ठेवली आणि पाय वाचला. १८६७ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याने असे ११ रोगी मांडले. त्यांतले नऊ पाय शाबूत राहून बरे झाले.

मला खरे नवल वाटते ते १८७७ च्या शस्त्रक्रियेचे. लिस्टर किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात आला, ते तेव्हा लिंकन्स इन फील्ड्सजवळ होते. गुडघ्याची वाटी मोडलेला एक रोगी आला. कातडी शाबूत होती. लिस्टरने ती मुद्दाम उघडली आणि दोन तुकडे चांदीच्या तारेने बांधले. म्हणजे साध्या मोडीची जाणूनबुजून धोक्याची मोड केली! रोगी दगावला तर याच्यावर खटला भरावा, असे एक सर्जन म्हणाल्याचे सांगतात. रोगी बरा झाला.

तारच का? माझी डॉक्टरेट अभियांत्रिकीतली, म्हणून हा प्रश्न सुटत नाही. वाटी ही मांडीच्या पुढच्या स्नायूला नडगीशी जोडणाऱ्या दोरातली गाठच. ती आडवी तुटली की स्नायू वरचा तुकडा ओढून नेतो. बाहेरून कितीही फळ्या बांधा, फट पुष्कळदा हाडाने न भरता नुसत्या तंतूंनी भरते आणि पाय अधू राहतो. ताण आतून पेलायला हवा होता, आणि त्यासाठी कातडी उघडण्याची हिंमत कार्बोलिकने दिली.

आज चांदीऐवजी पोलाद वापरतात. दोन सळया आणि वाटीच्या पुढच्या अंगाने इंग्रजी आठच्या आकाराची तार. गुडघा वाकवला की तुकडे फाकण्याऐवजी मागच्या, सांध्याकडच्या बाजूने एकमेकांवर दाबले जातात. त्यामुळे रोग्याला महिनोन्‌महिने पाय ताठ ठेवून झोपावे लागत नाही.