मालमत्ता-नोंद, मीरा-भाईंदरमधील

स्थावर मालमत्तेवरील हक्काच्या दस्तऐवजांची शासनाकडे व स्थानिक संस्थेकडे होणारी नोंद. ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर येथे ती तीन दप्तरांत विखुरलेली असून प्रत्येकाचा उगम व हेतू निराळा आहे.

वसई प्रांतातील महसुली उत्पन्नाची नोंद पोर्तुगीजांच्या १५५४ च्या ‘तोंबो’त आढळते; तीत वसुलीस प्राधान्य होते. ब्रिटिश अमदानीतही सारा कोणी भरावयाचा, हाच प्रश्न दीर्घकाळ मुख्य राहिला. जमिनीवर हक्क कोणाचा, याची पद्धतशीर नोंद मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने सुरू झाली आणि १९१३ मध्ये ती जमीन महसूल अधिनियमात समाविष्ट झाली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने (१९६६) हीच पद्धत पुढे चालविली. संपादन केलेला हक्क तीन महिन्यांत तलाठ्यास कळवावयाचा, मग फेरफार नोंदवहीत नोंद, हितसंबंधीयांस नोटीस व हरकतींच्या निर्णयानंतर प्रमाणन, असा तिचा क्रम. प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते.

नोंदणी अधिनियमानुसार (१९०८) दुय्यम निबंधकाकडे नोंदविलेले खरेदीखत हा व्यवहाराचा पुरावा होय. विक्रेत्याचा मूळ हक्क त्यामुळे सिद्ध होत नाही.

तिसरे दप्तर करआकारणीचे. पाच ग्रामपंचायती मिळून १९८५ मध्ये येथे नगरपरिषद झाली व २००२ मध्ये महानगरपालिका. महानगरपालिका अधिनियमाच्या (१९४९) करविषयक नियमांनुसार हस्तांतरणाची लेखी सूचना देणारा व घेणारा या दोघांनीही तीन महिन्यांत आयुक्तांना द्यावयाची असते. ती न दिल्यास जुन्या मालकाचे कराचे दायित्व सुटत नाही. करपावतीवर नाव चढले म्हणजे मालकी मिळाली, हा समज मात्र चुकीचा आहे.

मिठागरे व भातशेती यांच्या या परिसरात सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्यावर ही विसंगती ठळक झाली. सदनिकाधारकाचा करारनामा निबंधकाकडे व नाव करपुस्तकात असले, तरी इमारतीखालील जमिनीच्या सातबाऱ्यावर मूळ जमीनमालकाचेच नाव राहू शकते. सोसायटीस जमिनीसह अभिहस्तांतरण करून देण्याचे बंधन विकासकावर १९६३ च्या सदनिका-मालकी कायद्याने घातले होते. तथापि त्याचे पालन अनेकदा झाले नाही. २००८ च्या सुधारणेने मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. विकासकाने टाळाटाळ केल्यास सक्षम प्राधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राच्या आधारे सोसायटी एकतर्फी दस्त नोंदवू शकते आणि नंतर फेरफारासाठी महसूल दप्तराकडे जाते.